उणे, अधिक आणि कंस

  पीक = "सोयाबीन"
  एकक = "क्विंटल"
  हमीभाव = ४८९२
− ओलावा_मर्यादा = १२
+ ओलावा_मर्यादा = १५
  पावती_प्रती = २
  तोलाई_वेगळी = होय
  हमाली_वेगळी = होय

आठ ओळींचा मजकूर. सोयाबीन खरेदीच्या एखाद्या प्रोग्राममध्ये एक आकडा बदलला की ‘डिफ’ हे साधन तो बदल साधारण असा मांडून दाखवतं. नमुना मी रचलेला आहे. भाव आणि मर्यादा मात्र खऱ्या. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांखालून दिवसभर असे तुकडे जात असतात. त्यांना कोणी वाङ्मय म्हणत नाही. मी म्हणायला तयार आहे, कारण हा मजकूर वाचायला शिकावं लागतं, आणि नीट वाचला तर त्यात चांगलाच रस आहे.

आधी मांडणी पाहा. उणे वर, अधिक खाली. जे गेलं ते पहिल्यांदा वाचायचं, जे आलं ते त्यानंतर. पडद्यावर पहिली ओळ तांबडी आणि दुसरी हिरवी दिसते, पण रंग हा पुढचा थाट. कागदावर काळ्या शाईत छापलं तरी दोन चिन्हांवर सगळं भागतं. मग बिनचिन्हाच्या ओळी. वर तीन, खाली तीन. डिफला वेगळं सांगितलं नाही तर तो तीनच देतो. ह्या ओळी बदललेल्या नाहीत, तरी त्या तिथे आहेत. वाचणाऱ्याला जागा कळावी, शेजारपाजार कळावा, एवढंच त्यांचं काम. आणि तरबेज वाचकाला नेमक्या ह्याच ओळी जास्त सांगतात. ४८९२ हा २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव. पुढच्या वर्षी तो ५३२८ झाला. म्हणजे तारीख कुठेही लिहिलेली नसताना हा बदल कोणत्या हंगामातला ते शेजारच्या ओळीवरून ताडता येतं.

आता ह्यात काय नाही तेही पाहा. बाराचे पंधरा का झाले, ते नाही. सरकारी खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची नेहमीची मर्यादा बारा टक्के. २०२४ च्या खरिपात केंद्राने ती त्या हंगामापुरती पंधरापर्यंत नेली. आमच्या वाशिम जिल्ह्यात खरीप म्हणजे मुख्यतः सोयाबीन. काढणीच्या तोंडावर परतीचा पाऊस आला की दाण्यात पाणी राहतं, आणि कोणाचं पोतं काट्यावर चढणार नि कोणाचा ट्रॅक्टर गावाकडे वळणार हे त्या तीन टक्क्यांवर ठरतं. डिफला ह्यातलं काहीच ठाऊक नाही. त्याला सोयाबीन ठाऊक नाही, पाऊस ठाऊक नाही. त्याला फक्त दोन फायली दिसतात आणि त्यांतल्या ओळी.

डिफ हे जुनं साधन आहे. बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकइलरॉय यांनी ते लिहिलं आणि १९७४ मध्ये युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर ते बाहेर आलं. त्यामागचं गणित त्यांनी आणि जेम्स हंट यांनी १९७६ मध्ये मांडलं. प्रश्न साधा वाटतो: दोन फायलींत सामाईक असलेल्या ओळींची, क्रम न मोडता, जास्तीत जास्त लांब रांग शोधायची. ती सापडली की उरलेलं सगळं एकतर उणे नाहीतर अधिक. पुढे १९८६ मध्ये युजीन मायर्स यांनी जास्त चपळ रीत काढली. आज गिट ह्या आवृत्ती-नियंत्रणाच्या साधनात मुळात तीच आहे.

ह्या गणिताचा एक स्वभाव आहे, तो उमगला की डिफ वाचण्याची नजरच बदलते. तुम्ही काय केलंत हे डिफ सांगत नाही. जुन्यापासून नव्यापर्यंत कमीत कमी पावलांत कसं जाता येईल, एवढं तो सांगतो. तुम्ही दिवसभर दहा गोष्टी लिहून नऊ खोडल्या असतील. तो एकच दाखवील. तुम्ही एक अख्खं फंक्शन उचलून फायलीच्या तळाशी ठेवलंत तर तो म्हणेल, इथे चाळीस ओळी मेल्या आणि तिथे चाळीस जन्मल्या. स्थलांतर त्याला कळत नाही. नवखा प्रोग्रामर ती तांबडी पट्टी पाहून दचकतो, मुरलेला आधी तळाशी जाऊन पाहतो.

म्हणून डिफच्या डोक्यावर माणसाने लिहिलेल्या चार ओळी लागतात. धंद्यात नोंदवलेल्या एका बदलाला कमिट आणि ह्या ओळींना कमिट मेसेज म्हणतात. पहिली ओळ आखूड, साधारण पन्नास अक्षरांची. मग एक ओळ कोरी. मग सविस्तर कारण. वरच्या बदलाला ‘मर्यादा बदलली’ असा मेसेज लिहिणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. अहो, बदलली ते दिसतंच आहे. ‘सोयाबीन: ओलावा १५%, फक्त खरीप २०२४’ अशी पहिली ओळ आणि खाली ‘केंद्राच्या परवानगीनुसार, हंगाम संपल्यावर पुन्हा १२’ असा खुलासा, हा खरा मेसेज. ह्यातला ‘फक्त’ फार मोलाचा. तो नसेल तर पुढच्या दिवाळीला कोणीतरी पंधरा हीच कायमची मर्यादा समजून बसेल, आणि त्याला चूक म्हणायलाही तोंड राहणार नाही.

काय बदललं ह्याच्याशेजारी का बदललं हे लिहून ठेवायची शिस्त मी पहिल्यांदा कॉम्प्युटरवर पाहिली नाही, तलाठी कार्यालयात पाहिली. आमच्याकडे वऱ्हाडात अजून पटवारीच म्हणतात. सरकारने आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी केलं आहे, ते रुळेल तेव्हा रुळेल. त्या कार्यालयातली गाव नमुना सहा ही वही, म्हणजे फेरफार नोंदवही, कुठल्याही प्रोग्रामरने एकदा हातात घेऊन पाहावी. चार रकाने. पहिल्यात नोंदीचा अनुक्रमांक. दुसऱ्यात संपादन केलेल्या अधिकाराचं स्वरूप, म्हणजे खरेदीने, वारसाने, वाटणीने, बक्षीसपत्राने की बोजा म्हणून. तिसऱ्यात ज्यांच्यावर परिणाम झाला ते भूमापन क्रमांक. चौथ्यात चाचणी अधिकाऱ्याची आद्याक्षरी आणि शेरा.

कमिटची ओळख, कमिटचं कारण, बदललेल्या फायली, तपासणाऱ्याची सही. ह्यात पाचवा रकाना काय घालावा असं मला विचाराल तर मला सुचत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये प्रत्येक बदलाखाली ‘साइन्ड ऑफ बाय’ अशी सहीची ओळ हवी असा दंडक २००४ मध्ये आला, तोही कोड नेमका कोणाचा ह्यावरून कोर्टकज्जे उभे राहिल्यावर. जमिनीच्या बाबतीत कज्जे कायमच होते, म्हणून सहीचा रकाना आधीपासून होता.

दुसरा रकाना पुन्हा पाहा. त्यात नुसतं कारण नाही, कारणाचा प्रकार आहे. वारस नोंद वेगळी, खरेदीची वेगळी, आणि जाणता माणूस पहिल्या दोन शब्दांवरून ओळखतो की पुढे मृत्यूचा दाखला पाहायचा आहे की दस्ताचा क्रमांक. प्रोग्रामर मंडळींनी हल्ली कमिटच्या सुरुवातीला ‘फिक्स’, ‘फीचर’, ‘डॉक्स’ अशी बिरुदं लावायला सुरुवात केली आहे आणि त्याचं बरंच कौतुक चालतं. कौतुक असावं, पण पाठीमागे जोडलेला कागद काय, हे त्या बिरुदावरून अजून ठरत नाही.

ह्या सगळ्या कारभारातली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट म्हणजे कंस. सातबाऱ्यावरून नाव कमी होतं तेव्हा ते पुसत नाहीत, त्याला कंस करतात. आजोबा वारले, वारसांची नावं चढली, आजोबांचं नाव कंसात गेलं. तलाठी कार्यालयात हा संवाद कधी ना कधी कानावर पडतोच:

“साहेब, आबाचं नाव अजून काहाले दिसते इथं? काहाडून टाका ना ते.”

“भाऊ, कंस झाला ना त्याले. ते नाव आता नाही असंच समजा.”

“मंग दिसते काहाले?”

“दिसलं पाहिजे म्हनून.”

ह्या शेवटच्या तीन शब्दांत आवृत्ती-नियंत्रणाचा अख्खा सिद्धांत आला. जे गेलं ते दिसलं पाहिजे, पण ते गेलेलं आहे हेही दिसलं पाहिजे. डिफची उणे ओळ हेच करते, आणि कंसही. फरक असा की डिफ ही पाहण्यापुरती केलेली मांडणी. खिडकी मिटली की उणे ओळ नजरेआड. कंस मात्र चालू कागदावरच बसलेला असतो. खाली राबणारी पोरं आणि वर कंसात आजोबा, एकाच कागदावर. प्रोग्रामरने असा कारभार केला, म्हणजे जुना कोड न काढता कॉमेंट करून तिथेच ठेवला, तर त्याला आम्ही गचाळ म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो, कारण जुनं सांभाळायला आमच्याकडे वेगळी वही आहे. सातबाऱ्याकडेही आहे. पण सातबारा हातात घेणारा माणूस वही उघडून पाहीलच असं नाही. बँकेचा अधिकारी, खरेदीदार, वकील, सगळे एका कागदावर निवाडा करतात. वाचणारा कोण आहे त्यावर हे ठरतं. दोन्ही रिती आपापल्या जागी शहाण्या आहेत.

कंसातही एक खोट होती. कंस बारीक असतो, झेरॉक्समध्ये पुसट होतो, आणि घाईत वाचणाऱ्याला कंसातलं नावही नावच वाटतं. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारला तेव्हा ह्यावर इलाज आला: कंस तर करायचाच, शिवाय त्यातल्या मजकुरावरून आडवी रेघ मारायची. मयत खातेदार, फिटलेले कर्जाचे बोजे, सगळ्यांना रेघ. त्याच सुधारणेत शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख ठळक आली, जुन्या फेरफारांचे क्रमांक एकत्र आले, आणि एखादा फेरफार प्रलंबित असेल तर तसं सातबाऱ्यावर दिसायला लागलं. हे वाचताना माझ्यातला प्रोग्रामर खुर्चीत सरसावून बसला. ताजा कमिट कोणता, मागचे कोणते, कोणता बदल मंजुरीसाठी उघडा पडून आहे, सगळं एका पानावर. गिटहब ह्या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर प्रोजेक्टचं पहिलं पान असंच रचलेलं असतं. दोघांनी एकमेकांची कॉपी केलेली नाही. नोंद ठेवणाऱ्या माणसाला त्याच तीन गोष्टी लागतात, त्यामुळे तो हळूहळू तिथेच येऊन पोचतो.

मंजुरीचा भाग थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे तलाठी फेरफार लिहितो, चावडीवर लावतो, हितसंबंधितांना नोटीस देतो. पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. लिहिणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस नसतो. हाताने लिहायच्या काळात सातबाऱ्यावर ती नोंद आधी पेन्सिलने व्हायची, शाई प्रमाणित झाल्यावर. आपलीच पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामील करून घ्यायची विनंती, आपणच मंजूर करणाऱ्या प्रोग्रामरांनी ही पेन्सिल आठवावी. आणि हरकत आली तर? ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वेगळ्या नोंदवहीत चढते आणि सुनावणी होते. दोन जणांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली की गिटही थांबतं. दोन्ही ओळी एकीखाली एक मांडतं, मध्ये बरोबरच्या चिन्हांची रेघ ओढतं आणि निवाडा माणसावर सोडतं. नवखे ह्या प्रसंगाला घाबरतात. मला तो गिटचा सर्वांत सभ्य क्षण वाटतो. जे आपल्याला कळत नाही त्यात त्याने नाक खुपसलेलं नसतं.

इथवर सगळं जुळत आलं. आता जिथे जुळत नाही तिथे येऊ, कारण मजा तिथे जास्त आहे.

लिनक्सचे कर्ते लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये, बिटकीपर ह्या साधनाचा फुकट वापर बंद झाल्यावर, गिट लिहायला घेतलं. ७ एप्रिलला गिटचा पहिला कमिट गिटमध्येच झाला. हजारभर ओळींचा सी भाषेतला प्रोग्राम. बाकीच्यांपेक्षा त्याचा विचार उलटा होता. गिट बदल साठवत नाही, प्रत्येक वेळची अख्खी स्थिती साठवतं. जागा वाचवायला आतल्या आत ते फरक काढतं, पण तो आतला मामला. मघाचा डिफ कुठेही लिहून ठेवलेला नसतो. तुम्ही मागितलात की दोन स्थिती समोर ठेवून तो त्या घटकेला काढला जातो.

फेरफाराचं बरोबर उलट आहे. तिथे घटना हीच मूळ नोंद: अमक्याने तमक्याला अमुक दस्ताने इतकी जमीन विकली. स्थिती, म्हणजे सातबारा, ही त्या घटनांची बेरीज. वाटणीचा फेरफार वाटणी झाली असंच सांगतो. एक नाव गेलं आणि तीन आली, एवढ्यावर थांबत नाही. मघा म्हटलं की डिफला स्थलांतर कळत नाही. फेरफाराला कळतं, कारण तो दोन कागद ताडून काढलेला नसतो, माणसाच्या तोंडून ऐकून लिहिलेला असतो. म्हणून तो जास्त जाणता, आणि म्हणूनच त्यात खोटं शिरायला वावही जास्त. गिटच्या बाबतीत डिफ खोटं बोलूच शकत नाही, मेसेज मात्र बोलू शकतो. चांगला वाचक दोन्ही एकत्र वाचतो आणि कुठे पटत नाही ते हुडकतो. ‘किरकोळ दुरुस्ती’ असा मेसेज आणि खाली सहाशे ओळी! अशा जागी मी चहा मागवतो.

मधली वाटही एकाने काढली होती, वॉल्टर टिची यांनी १९८२ च्या आरसीएस ह्या साधनात. ताजी प्रत पूर्ण ठेवायची आणि मागे जायचे फरक तेवढे साठवायचे. लोकांना बहुतेक वेळा ताजंच हवं असतं, ते लगेच मिळावं. जितकं जुनं हवं तितकं मागे चालत जावं. सातबारा आणि फेरफाराची जोडी वापरात ह्याच्या सर्वांत जवळची. जमिनीचा मूळ धनी शोधणारा वकील सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक घेतो, ती नोंद काढतो, तिच्यातून आधीच्या धन्याकडे, तिथून त्याच्या आधीच्या. आमच्या भागात मग शेवटी जुनं पेरेपत्रक निघतं, आणि त्याचा कागद उलगडताना सगळे श्वास धरून बसतात, तुकडा पडेल म्हणून.

आता एक खास आपल्या लिपीतली गंमत. पुढचा डिफ बघा.

− प्रदेश = "वर्‍हाड"
+ प्रदेश = "वऱ्हाड"

डोळे कितीही ताणले तरी दोन्ही ओळी एकच. पण डिफ म्हणतो एक गेली आणि एक आली, आणि तो खरं बोलतो. हा अर्धा, कोयरीसारखा ‘र’ युनिकोडमध्ये एकाहून जास्त तऱ्हांनी टाइप होतो. एकात साध्या ‘र’ला हलंत आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह, दुसऱ्यात नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलंत. छापून दोन्हींचा चेहरा एक, पोटातले आकडे वेगळे. यादीत ‘वऱ्हाड’ शोधायला गेलात तर निम्मे सापडतात आणि निम्मे नाहीत, आणि तास गेला तरी दोष हाती लागत नाही. तो डिफमुळे लागतो, कारण त्याला सुंदर दिसण्याशी घेणंदेणं नाही. वऱ्हाडातल्या माणसाला आपल्या मुलखाच्या नावातच हा धडा मिळावा, ह्याला योग म्हणायचं.

मराठीत कमिट मेसेज लिहायला गिटची काही हरकत नसते. मात्र फायलीचं नाव देवनागरीत ठेवलंत तर सुरुवातीला ते बिचकतं आणि प्रत्येक अक्षराचे तीन तीन आकडे ओकतं. नुसत्या ‘स’चे ३४०, २४४, २७०. कोटपाथ नावाची एक मांडणी बंद केली की अक्षरं दिसू लागतात. हे एकदा करून टाकावं आणि विसरावं.

डिफनंतर रोजच्या वापरातलं दुसरं साधन ब्लेम. फायलीतल्या प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला ती शेवटची कोणी, कधी, कोणत्या कमिटने बदलली ते हे साधन छापतं. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाशेजारी फेरफार क्रमांक असतोच, म्हणजे ब्लेम तिथे कागदावरच छापलेला आहे, वेगळा मागावा लागत नाही. पण दोन्हीकडे खड्डा एकच आहे: शेवटचा हात म्हणजे खरा कर्ता नव्हे. कोणीतरी एके दिवशी अख्ख्या प्रोजेक्टची मांडणी नीटनेटकी करतो, ओळींपुढच्या जागा सारख्या करतो, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ओळीवर त्याचं नाव. ज्याने विचार केला तो गडप. गिटने २०१९ मध्ये, २.२३ ह्या आवृत्तीत, असे कमिट वगळून मागचा माणूस दाखवायची सोय केली. त्यांची यादी एका फायलीत ठेवायची आणि ब्लेमला सांगायचं की ह्यांच्या पलीकडे पाहा.

कागदावरही असंच घडे. हाताने लिहायच्या सातबाऱ्याचं दर दहा वर्षांनी पुनर्लेखन होत असे. पीकपाहणीचे रकाने भरत, मग नव्या कागदावर चालू नोंदी उतरवून घेत. कोणाचाही हक्क बदलायचा नसतो, नुसती नक्कल करायची असते. आणि नेमकं तिथेच एखादं नाव गळायचं, ‘गोविंदा’चा ‘गोविंद’ व्हायचा, इतर हक्कातली कुळाची ओळ वगळली जायची. नुसत्या नकलेत माणूस गाफील असतो. प्रोग्रामर मंडळी नवा विचार असलेला कोड दहादा तपासतात आणि ‘फक्त फॉरमॅटिंग’ असं लिहिलेला बदल डोळे मिटून घेतात. वर म्हटलेली यादी तयार करण्याआधी त्यातला प्रत्येक कमिट एकदा तरी वाचलेला असावा, असं माझं मत आहे, आणि ते सहकाऱ्यांत अप्रिय आहे.

कंस आणि नव्या नोंदी असल्या इतिहासाचं आमच्या वाशिम जिल्ह्याला वावडं नसावं. इंग्रजांच्या अमलात इथे बासीम नावाचा जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यात घातला. १ जुलै १९९८ ला वाशिम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. अख्ख्या जिल्ह्याला त्र्याण्णव वर्षं कंस, मग नवी नोंद.

आणि इथला एक फार जुना दस्तही जमिनीचाच आहे. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशिमलाच सापडला. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला, त्याच्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षातला. नांदेडकडच्या भागातलं एक गाव दान दिल्याची ही नोंद. त्याची बांधणी बघण्यासारखी आहे. राजाची वंशावळ संस्कृतात. दान प्रत्यक्ष काय, कोणाला, कोणत्या करांतून सूट, हा व्यवहाराचा भाग प्राकृतात. कोणाच्या अधिकाराने हे भारदस्त भाषेत, काय बदललं हे रोजच्या भाषेत. आमच्या कमिटमध्येही वरची ओळख यंत्राच्या भाषेतली असते, चाळीस अक्षरांचा हॅश, आणि खालचा मजकूर माणसाच्या. त्या हॅशमध्ये मागच्या कमिटचा हॅश गुंफलेला असतो, त्याच्यात त्याच्या मागच्याचा. म्हणजे कोणी जुन्या नोंदीत काना जरी बदलला तरी पुढचे सगळे हॅश बदलतात आणि लबाडी उघडी पडते. ही वंशावळ राजापेक्षा चोख, मान्य करायला हवं.

इतकी चोख असूनही ती वाकवता येते. फोर्स पुश नावाचा प्रकार आहे: आपली बदललेली वंशावळ सर्व्हरवर रेटून द्यायची. एकटा काम करणारा आपल्याच फांदीवर, म्हणजे ब्रँचवर, करत असेल तर खुशाल करावं. पाच जणांच्या सामाईक फांदीवर केलं तर बाकीच्या चौघांच्या पायाखालची जमीन सरकते. त्यापेक्षा रिव्हर्ट करावा. तो चुकीच्या कमिटला हात लावत नाही. त्याच्या पुढे, त्याला तंतोतंत उलटा, असा नवा कमिट जोडतो. संहितेच्या कलम १५५ मधली लेखनप्रमादाची दुरुस्तीही जुनी नोंद फाडून होत नाही, आदेश होतो आणि त्याचा नवा फेरफार पडतो. सोयाबीनचा हंगाम संपून मर्यादा पंधराची बारा झाली की तोही असाच रिव्हर्ट, फक्त त्यात कोणाची चूक नसते. असे निर्दोष रिव्हर्ट मला आवडतात. मेसेजमध्ये ‘चुकून’ हा शब्द नसतो, ‘मुदत संपली’ असतं.

२०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन झालं. संगणकात चढलेले सातबारे गावात मोठ्याने वाचून दाखवायचे आणि ज्याचा त्याने ऐकून चूक सांगायची. डोळ्यांनी सुटलेली चूक कान पकडतात, विशेषतः नावातली. हे आमच्या धंद्यात कोणी करत नाही. रिव्ह्यू म्हणजे पडद्यावर खाली सरकत जाणं आणि शेवटी अंगठा दाखवणं. आमच्या टीममध्ये मी काही दिवस हट्टाने डिफ मोठ्याने वाचायला लावला. पोरं आधी हसली. मग एकीच्या लक्षात आलं की वाचताना सगळे उणे ओळी गाळून थेट अधिक ओळींवर उडी मारतात. म्हणून तिने नियम केला: उणे ओळ वाचायची, ती इथे मुळात कशासाठी होती ते एका वाक्यात सांगायचं, सांगता आलं नाही तर ब्लेम काढून मागे जायचं, आणि तोवर अधिकला हात लावायचा नाही. पहिल्या बैठकीत अकरा ओळींच्या डिफला पाऊण तास लागला आणि मॅनेजरने दारातून डोकावून विचारलं, “अजून पहिल्याच फायलीवर?” ती म्हणाली, “सर, दुसऱ्या उण्यावर.”